कुमवेंदांनी जोडून दिलेली लाइन

कापोरा,
१८ ऑक्टोबर १९९८

प्रिय योतामू,

मी जिवंत आहे आणि खुशाल आहे. आजवरच्या प्रत्येक पत्रात हे मी रीत म्हणून लिहीत आले. हात लिहायचा आणि लक्ष चुलीकडे असायचं. आज मुद्दाम लिहिलं आहे, म्हणून तूही सावकाश वाच. वेझीही बरी आहे. पत्र टपालाने न येता कुमवेंदा काकांच्या हातून आलं, हे बघून तू दचकला असशील. दचकायलाच हवं. लग्नातला मध्यस्थ काही सहज चहाला म्हणून कुणाच्या दारात उभा राहत नाही. बारा वर्षांपूर्वी तुझ्या घरचा निरोप घेऊन ते माझ्या वडिलांच्या अंगणात बसले होते, आज माझा निरोप घेऊन तुझ्यासमोर बसलेत. तेव्हाही ते आपल्या पोस्टात टेलिफोन ऑपरेटर होते, आजही आहेत. पत्राची पानं एकेक करून द्यायची, असं मी त्यांना बजावलं आहे, कारण शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. पत्रास कारण मी शेवटच्या पानावरच लिहिणार आहे.

चारचौघांत मी तुला 'वेझीचे बाबा' म्हणते, पण कागदावर कॉलेजात होतो तेव्हापासून नावानेच लिहिते, ती सवय मोडत नाही. पत्र जरा तुटक होईल. घरात पाहुणे आहेत. त्यांना उसिपा माशांच्या सुकटीचा वास सोसत नाही, म्हणून आज ती तपकिरी कोंबडी कापली, जी तू पुन्हा येशील तेव्हा कापायची म्हणून नाताळपासून राखली होती. पाहुण्यांतला धाकटा टेबलाखाली बसून माउसची वायर ओढतो आहे. ओढू दे. त्या माउसला या घरात तसंही काही काम उरलेलं नाही.

गेल्या नाताळात तू राजधानीतून, लिलाँग्वेहून, कम्प्युटर आणलास. बसच्या टपावरून खोका उतरवताना तू ड्रायव्हरवर इतका ओरडत होतास, की लोकांना वाटलं आत अंडी आहेत. तुझ्या मंत्रालयाने जुना झाला म्हणून काढून टाकलेला, उन्हाने पिवळा पडलेला कम्प्युटर, त्याच्यासोबत वहीएवढा मॉडेम, त्यावर लाल दिव्यांची ओळ, आणि वेझीसाठी एक निळा स्वेटर. स्वेटर मी हातात आल्याबरोबर उलटा करून बघितला. शिवणकाम शिकवणारी बाई दुसरं काय करणार? आतल्या गाठी इतक्या निगुतीने लपवलेल्या होत्या, की ते यंत्राचं काम नव्हतं. मी विचारलं, कुणी विणला हा? तू म्हणालास, 'विणतंय कोण? लिलाँग्वेत दुकानात हवे तेवढे मिळतात.' मी मान डोलावली. उलट्या बाजूवरून चूक कुठे झाली ते शोधायला मी शंभर मुलींना शिकवलं असेल, पण त्या दिवशी डोळ्यांना दिसलेलं मी मनाला कळू दिलं नाही.

कम्प्युटर बघायला अर्धी शाळा आपल्या घरी लोटली. तू सगळ्यांना सांगत होतास, की आता आमचा टपालखर्च संपला. मेलसाठी दोघांत मिळून एकच पेटी घेतली आहे, म्हणालास. 'मी माझ्याच पत्त्यावर लिहीन, तू इथे उतरवून घे. नवराबायकोत कसली आलीत दोन दारं?' बायका माझ्याकडे हेव्याने बघत होत्या, आणि मला ते आवडलं होतं, हेही आता लिहून टाकते. मग तीन दिवस तू खटपट केलीस. मॉडेमने लाइन उचलली की पलीकडून कुमवेंदा काका म्हणायचे, 'नमस्कार, कोण बोलतंय? घरचे बरे ना?' आणि मॉडेम त्यांच्या कानात आकड्यांच्या शिट्ट्या वाजवायचा. तिसऱ्या दिवशी काका कान चोळत आपल्या दारात आले आणि तुला आडनावाने हाक मारून म्हणाले, 'लुहांगा, तुझं यंत्र मला शिट्ट्या मारतंय. या वयात मला कुणी शिट्ट्या मारत नाही.' सगळे हसलो, तूही हसलास. मग हात झटकून म्हणालास, 'इथे सगळं हाताने जोडतात, डायल फिरवायची सोयच नाही. असल्या एक्स्चेंजवर हे जन्मात चालायचं नाही.' मॉडेम खोक्यात घातलास, माउस परत लावलास, त्यावर मी विणलेला रुमाल पसरलास आणि निघून गेलास. तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटलं.

मी का हट्टाला पेटले, ते तुला सांगायला हवं. तू हॉलंडहून शिकून परत आल्याला वर्ष झालं होतं. सरकारी घर मिळालं की दोघींना नेतो, हे तू येतानाही म्हणायचास आणि जातानाही. माझं शिवणयंत्र कुठल्या खिडकीपाशी ठेवायचं, हेसुद्धा मी त्या न बघितलेल्या घरात ठरवून टाकलं होतं. इकडे तुझी आई दर रविवारी चर्चच्या पायरीवर मला अडवायची. 'नवरा राजधानीत, बायको डोंगरात, मधे एकुलती एक पोरगी. माझ्या म्हाताऱ्याचं नाव मी कुणाला ठेवू? झेबेदिया म्हणून काय बकऱ्याला हाक मारू?' मी वेडीने हिशेब केला, की रोज पत्र पोचलं तर माझी रोज आठवण होईल, आणि आठवण झाली की घर मिळायला उशीर लागणार नाही. त्या यंत्रातून मला दुसरं काही नको होतं.

जानेवारीत मी रुमाल काढला. मागच्या बाजूला दोनच खाचा, त्यातली एक आधीच निकामी झालेली. उरलेल्या खाचेत एक तर माउस बसणार, नाही तर मॉडेम. मी माउस काढून ठेवला तो आजवर. नुसत्या बटणांनी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायला शिकायला दोन महिने लागले. हाताने काज करायला शिकवायला मुलींना याहून जास्त लागतात. यंत्र दर वेळी तेच सांगायचं, डायल टोन नाही. कुठून असणार? आपल्याकडे रिसीव्हर उचलला की टोन नाही, कुमवेंदा असतात. मार्चच्या शेवटी एका शनिवारी, एकात एक तीन खिडक्या उघडल्यावर, तळाशी मला एक चौकट दिसली. फोन ऑपरेटरमार्फत किंवा हाताने लावायचा असेल तर इथे खूण करा. मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले. जगाच्या पाठीवर कुठेतरी, हे यंत्र बनवताना, कुणीतरी आमच्या कुमवेंदा काकांचा विचार केला होता. आणि तू एके काळचा गणिताचा मास्तर, परदेशात शिकून आलेला, तीन दिवस तिथे बसून तुला ती चौकट दिसली नाही. दिसली होती, योतामू. तू ते यंत्र मला दिलंस ते चालणार नाही याची खात्री करून घेऊनच.

खूण केली तरी काम संपलं नव्हतं. रीत अशी, की मी काकांना नंबर सांगायचा, काकांनी रुम्फी, मझुझू, लिलाँग्वे अशी लाइन जोडत न्यायची, पलीकडून मशीनची किंकाळी ऐकू आली की मी बटण दाबून रिसीव्हर ठेवायचा, मग दोन यंत्रं आपापसांत बोलणार. पण काकांना मुक्याने कॉल जोडता येत नाही. किंकाळी आली की ते म्हणायचे, 'नमस्कार, कापोराहून कुमवेंदा बोलतोय. तिकडे मका कसा आहे यंदा?' की सगळे लाल दिवे विझले. मी धावत पोस्टात जायची. 'काका, ते यंत्र आहे हो.' 'असेना. उचललंय ना त्याने? उचलणाऱ्याची विचारपूस न करता मधून निघून जायचं, हे मला नाही जमायचं.' कधी चुकून विचारपुशीतून वाचलं, तर तीन मिनिटांनी काका मधे शिरायचे. 'तीन मिनिटं झाली बाई, वाढवू?' पुन्हा दिवे गेले. नियम आहे, विचारायलाच हवं, म्हणायचे. असा मे गेला, जून गेला. शेवटी मी एकदम नऊ मिनिटांचा कॉल बुक करायला सुरुवात केली, आणि शिवणाच्या वर्गातल्या उरलेल्या चिंध्यांची, आत कापूस भरलेली एक जाड टोपी शिवून काकांच्या बोलायच्या तबकडीवर घालायला दिली. ठरलं असं, की काकांनी यंत्राची हवी तेवढी विचारपूस करायची, पण टोपीच्या आत. काकांनी ती उलटसुलट करून बघितली, मला माहेरच्या आडनावाने हाक मारत म्हणाले, 'न्यामुन्थाली, तू मला बोलूही दिलंस आणि गप्पही केलंस. माझ्या बायकोला हे सांगू नकोस.'

अकरा जुलैच्या शनिवारी दुपारी दिवे लागले ते लागलेच राहिले. मी आधीच एक पत्र टाइप करून ठेवलं होतं. 'योतामू, जमलं.' एवढंच. तुला चकित करायचं होतं, म्हणून गेले सहा महिने फोनवर मी यातलं चकार शब्दाने बोलले नव्हते. ते पाठवण्याआधी यंत्राने पेटीतली चार पत्रं उतरवली. तू तीन आठवडे दक्षिणेच्या दौऱ्यावर होतास, जाण्याआधी माझ्यासाठी लिहून ठेवली असणार असं वाटलं. मी उठून हात धुऊन आले. वेझीला हाक मारणार होते, पण पहिलं एकटीने वाचावं असं मनात आलं, आणि त्या बुद्धीबद्दल मी देवाचे आभार मानते.

चारही पत्रं हॉलंडहून तुला आलेली, कुणा लीस्बेथची होती. झेब आता भिंत धरून न चालता मधोमध चालतो. झेबला तुझ्यासारखेच कान आहेत. निळा स्वेटर वेझीला बसला का, बाह्या आखूड झाल्या असतील तर तिने कळवावं. आणि चौथ्या पत्रात असं, मी शब्द न शब्द सांगू शकते: 'जुलै तुला जड जातो हे मला ठाऊक आहे. टिवोंगेला जाऊन आता दोन वर्षं होतील. ती बातमी आली त्या रात्री तू किती रडलास ते मी विसरलेले नाही. एक दिवस मला तिच्या कबरीपाशी घेऊन जा.' माझंच नाव वाचून मी उठले, आरशात बघितलं, परत येऊन बसले, पुन्हा वाचलं. छापलेल्या अक्षरांत काही बदल नव्हता. मग शहाण्णवच्या जुलैत मला काय झालं होतं ते आठवायला लागले. मलेरिया झाला होता. मी तुला हॉलंडला लिहिलं होतं, की ताप फार चढला होता, सगळ्यांनी आशा सोडली होती, पण आता उतार आहे. तू त्यातला पहिला अर्धा भाग घेतलास. उतार तिला सांगितला नाहीस. आपल्या लोकांत दुसरी बायको करायला पहिलीला मारावं लागत नाही. तुझ्या आजोबांना तीन होत्या आणि तिघीही म्हातारपणाने गेल्या. पण तुला चर्चच्या पंचांतली खुर्चीही हवी होती आणि हॉलंडमधली मांडीही, म्हणून मी मेले. रडलास कसा रे? खरंच पाणी आलं होतं का? हे मी चिडून विचारत नाही, मला जाणून घ्यायचं आहे, कारण मी बरी होऊन उठले तेव्हा तुझ्याकडून आलेलं पत्र दोन ओळींचं होतं.

'योतामू, जमलं' मी पाठवलं नाही. ते अजून यंत्रात पडून आहे. पुढच्या शनिवारी मी पुन्हा लाइन मागितली, त्याच्या पुढच्याही. लीस्बेथ शनिवारी सकाळी लिहिते, मूल झोपलं की. मी शनिवारी दुपारी उतरवते. तू ऑफिसात सोमवारी उघडतोस. एकदा उतरवलेलं पत्र पेटीत राहत नाही, हे मला तिच्याच पत्रांतून कळलं, जेव्हा ती विचारायला लागली, की तू उत्तर का देत नाहीस. तुझ्या वाटणीची पत्रं माझ्याकडे येत होती आणि तुझी पेटी रिकामी होती. तू आपणहून तिला कधी लिहीतच नव्हतास, ती लिहील तेव्हा उत्तर तेवढं द्यायचास, असं ती म्हणते. पत्र आलं नाही तर दोन ओळी टाकून विचारावं, एवढंही तुला झालं नाही. ऑगस्टमध्ये तू फोन केलास तेव्हा मी मुद्दाम विचारलं, कम्प्युटरवर पत्रं येतात का हो तुम्हाला? तू म्हणालास, 'यायची पूर्वी ऑफिसची. हल्ली बंद झाली. बरं झालं, कटकट गेली.' आणि मग, 'तुझं ते यंत्र काय म्हणतंय? कोंबड्या बसतात ना वर?' मी म्हटलं, बसतात. सप्टेंबरच्या एका शनिवारी तिची लागोपाठ तीन पत्रं आली. झेबला ताप, झेबला इस्पितळात नेलं, तू कुठे आहेस. मी तिन्ही वाचली आणि रुमाल टाकला. मला दोन ओळी लिहिता आल्या असत्या, तुलाही फोन करता आला असता. मी केलं नाही. सात दिवस ते मूल बरं की वाईट हे न कळता मी शाळेत मुलींना टाके शिकवत होते, आणि मनातून मला बरं वाटत होतं. तुझ्यामुळे मी अशी बाई झाले. हे माझं पाप मी तुझ्या खात्यावर टाकत नाही, पण ते कुणी पेरलं ते तुला ठाऊक असावं.

त्याच आठवड्यात मी कुमवेंदा काकांपुढे जाऊन उभी राहिले. पोस्टात दुसरं कुणी नव्हतं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी कानावरचं यंत्र काढून ठेवलं. 'आलं का पत्र?' त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं, की त्यांना आधीपासून माहीत आहे. त्यांनी सांगितलं, नाताळच्या दुसऱ्या दिवशी तू पोस्टात जाऊन हॉलंडचा कॉल बुक केलास. कुमवेंदांना इंग्रजी आकड्यांपुरतंच येतं अशी तुझी समजूत, आणि त्या समजुतीवर तू दहा मिनिटं बोललास. काका खाली मान घालून म्हणाले, 'तारेवर ऐकलेलं तारेवरच सोडायचं, अशी नोकरीला लागताना शपथ घातली होती मला. तीस वर्षांत ती आज पहिल्यांदा मोडतोय. तो तिला म्हणाला, इथे फोन करू नकोस, कम्प्युटरवर लिही. आठवड्याने तू येऊन मला विचारतेस, काका, हा कम्प्युटर चालेल का. मी काय करायचं होतं, पोरी? सांगणं माझ्या हातात नव्हतं. लाइन जोडणं माझ्या हातात होतं.' म्हणून तो म्हातारा जानेवारीपासून माझ्यासाठी शनिवारची जेवणाची सुट्टी सोडून बसत होता. मला तेव्हा त्यांचाही राग आला. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ज्या गावात रिसीव्हर उचलला की एकच माणूस बोलतो, तिथे हे किती कठीण, तूच विचार कर. पाचव्या दिवशी, शनिवारी, मी रिसीव्हर उचलला आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, घरचे बरे ना? मी म्हटलं, नाहीत. मग त्यांनी मी मागायच्या आधीच नऊ मिनिटांची लाइन जोडून दिली.

सव्वीस सप्टेंबरला लीस्बेथने लिहिलं, की तुझ्या उत्तराची वाट बघून ती थकली आहे. तिने तिकिटं काढली आहेत. तेरा ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी लिलाँग्वे. विमानतळावर तू आलास तर चांगलं, नाहीतर ती मुलाला कडेवर घेऊन थेट तुझ्या मंत्रालयात येणार. तिला तुझ्या आईला नातू दाखवायचा होता आणि माझ्या कबरीवर जायचं होतं. हे पत्रही सोमवारी तुझ्या पेटीत नव्हतं. सोमवारी बारा तारखेला मी शाळेतून तीन दिवसांची रजा काढली, चर्चला नेसते ते चितेंजे नेसले आणि मझुझूमार्गे लिलाँग्वेची बस धरली. मंगळवारी तू ऑफिसात बसून चहा पीत होतास, तेव्हा मी त्याच शहरात, विमानतळावर, तुझं नाव लिहिलेला पुठ्ठा धरून उभी होते. ती उंच आहे, दमलेली होती, आणि मुलाला खरोखरच तुझे कान आहेत. पुठ्ठा बघून ती हसली. तुम्ही योतामूच्या कोण? मी म्हटलं, बायको. तिचं हसू गेलं. खाली बघत म्हणाली, 'त्याने पुन्हा लग्न केलं, हे मला सांगितलं नाही.' मी म्हटलं, 'पुन्हा नाही केलं. मी पहिलीच. वारली ती मीच.' ती तिथेच बॅगेवर बसली. मी मूल उचलून घेतलं, कारण ते पडलं असतं. तिला तिथूनच तुझ्याकडे यायचं होतं, आणि आली असती तर तू तिला तिसरीच काहीतरी गोष्ट सांगितली असतीस. मी म्हटलं, आधी माझं घर बघ, मग त्याचं तोंड बघ. बसमध्ये सहा तास ती खिडकीकडे तोंड करून बसली. रुम्फीच्या अलीकडे मी तिला त्या तीन पत्रांचं सांगितलं, की ती मी वाचली होती आणि गप्प राहिले होते. तेव्हा ती रडली, आणि थोड्या वेळाने माझ्या हातातल्या पिशवीचा एक बंद तिने आपल्या हातात घेतला.

आता पत्रास कारण. आमचे पाहुणे कोण हे तुला एव्हाना कळलंच आहे. वेझीने तुझ्या मुलाला पाठीला बांधून सगळ्या शाळेत फिरवून आणलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की हा माझा भाऊ. तिला मी खोटं बोलायला शिकवलेलं नाही. तुझ्या आईने दारात उभं राहून त्याचं नाव विचारलं, लीस्बेथने झेबेदिया म्हणून सांगितलं, आणि दर रविवारी मला अडवणारी ती म्हातारी दारातूनच मागे वळून घरी गेली. येत्या शनिवारी आपल्या अंगणात बैठक आहे. तुझे चुलते, माझे भाऊ, चर्चचे पंच, सगळ्यांना निरोप गेले आहेत. ज्या रीतीने चारचौघांत बसून आपलं लग्न ठरलं त्याच रीतीने ते आता मोडायचं आहे, आणि तू सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या तोंडाने सांगायचं आहेस, की टिवोंगे कशाने मेली आणि तिला कुठे पुरलं. येतोस की नाही, ते कुमवेंदा काकांना तोंडी सांग. पेटीत लिहू नकोस, पेटी मीच उघडते. लीस्बेथने माझ्या कबरीवर लावायला तिकडून फुलांचे कंद आणले होते, ओल्या फडक्यात जपून बांधून. काल तिने ते माझ्यापुढे धरले आणि विचारलं, यांचं काय करू? आम्ही दोघींनी ते दाराच्या दोन्ही बाजूंना, उंबऱ्यालगत लावले. या उन्हात ते उगवतील असं वाटत नाही, पण माती अजून ओली आहे. येशील तेव्हा पाय जपून टाक.

अजून हयात असलेली,
टिवोंगे मुन्थाली